दुपट्यातलं घुबड

अड्याळच्या शाळेतल्या ईश्वर गुरुजींना नाद होता ग्रीकांच्या चांदीच्या नाण्यांचा. बाकीचे मास्तर फावल्या वेळी विड्या फुंकत, हे मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्रं लिहीत. अकरा वर्षांत जमली तीन नाणी, प्रत्येकावर त्या त्या नगराची छाप. एजिनाचं कासव, कॉरिंथचा पंखवाला घोडा आणि अथेन्सचं घुबड. घुबडावर जीव फार. बायकोकडे या माणसानं इतकं निरखून कधी पाहिलं नसेल.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात त्यांची आठ महिन्यांची मुलगी हगवणीनं पार सुकली. डॉक्टरांनी बजावलं, "सकाळी आठच्या एसटीनं भंडाऱ्याला न्या. सलाईन लागेल. दुपारची गाडी धरली तर पोरगी हाती लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको रुखमा पोरीची दुपटी गोळा करत होती. एक दुपटं गुरुजींच्या पेटीत निघालं, त्यात नाणी गुंडाळलेली. जुनं मऊ कापड, चांदीला ओरखडा नको म्हणून त्यांनीच उचललेलं. आता, घुबड लेकराच्या दुपट्याला शिवलं की लेकरू सुकतं, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. दिवे लागायच्या आत बायका दुपटी घरात घेतात. रुखमानं घुबडाचं नाणं तेवढं उचललं. ती तडक तलावाच्या पाळीवर गेली आणि घुबड पाण्यात फेकून आली.

"काहून फेकलं?" गुरुजी ओरडले.

"माही पोरगी सुकून राहिली, अन् तुमी घुबडाले तिच्या दुपट्यात निजवलं."

"कुठं फेकलं?"

"पिंपळाखाली, काठालेच."

काठाला पाणी कमरेइतकंच होतं. गुरुजी म्हणाले, "तू पोरीले घेऊन स्टँडवर बस. मी आलोच. माह्याबिगर चढू नको."

शेजारच्या पवनीपलीकडे कधी एकटी न गेलेली ती बाई पोरीला घेऊन निघाली.

गुरुजी पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी गाळ चाचपत राहिले. गाडीचा हॉर्न त्यांना स्वच्छ ऐकू आला. लाज वाटली, खरंच वाटली. पण पाय निघेना. फक्त या दगडापर्यंत बघू, म्हणाले. नाणं सापडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते, आणि त्या क्षणी त्या माणसाला आनंद झाला.

ओल्या धोतरानं धावत ते स्टँडवर पोचले. रुखमा बाकावर बसली होती, मांडीवर पोरगी, वर पदर.

"गाडी?"

"कंडक्टर लय वेळ थांबला. चढ म्हणे, बाई. मी म्हणलं, थांबा, ते येऊन राहिले."

गुरुजींनी पदर सारला. पोरगी थंड पडली होती.

रुखमानं सरकून जागा केली. "बसा," ती म्हणाली, "पुरे ओले झाले तुमी."