आक्कांनी माईक मागितला

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. खारबावच्या क्रीडा मंडळाने मला कामतघरच्या एका दुकानातून आणले, त्याला आता अकरा वर्षे झाली. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आहे, आवाजही जरा घोगरा आहे. तरी कबड्डीचे सामने आले की सारे गाव माझ्याकडे कान लावायचे, कारण मी अनंताच्या हातात असायचो.

अनंता गोदामात कामाला होता. शिफ्ट नसली की मैदानात. समालोचन करताना तो खेळाडूंची थट्टा करायचा. "मेघालीच्या आयशीनं भाकऱ्या टाकल्यात, आता ती बिगीनं परत येल," असे तो म्हणाला की चढाईला गेलेल्या मेघालीलाच हसू फुटायचे आणि तिचा दम तुटायचा.

गेल्या हिवाळ्यात दूरच्या राज्यात रेल्वेचा मोठा अपघात झाला. शेकडो माणसे गेली. देशभर दुखवटा पाळला गेला. मित्राच्या लग्नाला निघालेला अनंता त्याच गाडीत होता.

शोकसभेत मंडळाचे अध्यक्ष रामनाथकाका माझ्यावरूनच त्याचे नाव घेताना दोनदा थांबले. नंतर त्यांनी मला कपाटात ठेवले. दोन महिने मी धूळ खात पडलो.

एके सकाळी कपाटाबाहेर बोलणे ऐकू आले. मुलींच्या संघाला शिकवणाऱ्या शुभदाबाई म्हणत होत्या, "काका, मुली अजून त्याच बातम्या बघत बसतात. त्यांना खेळू द्या."

"एवढी लोकं गेली, बाई. अनंताच्या आईच्या दारापुढं टाळ्या वाजवायच्या? मना न्हाय जमायचं."

"मग आक्कांनाच विचारू."

बाईंनी मला पिशवीत घातले आणि अनंताच्या आईकडे, आक्कांकडे नेले. आक्का नाही म्हणाल्या, तर लेकाची आठवण म्हणून मला त्यांच्याकडे ठेवावे, असे बाईंच्या मनात होते. आक्कांनी मला हातात घेतले, पोच्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याला ठेवून काय करू? पोरींना खेळवा. पन कोनीतरी बोला ह्याच्यात. मुक्यानं कबड्डी होत न्हाय."

सामन्याच्या दिवशी आधी दोन मिनिटे सारे स्तब्ध उभे राहिले. मग खेळ सुरू झाला. समालोचन शुभदाबाईंकडे आले. मेघाली तीन जणींच्या हातांतून निसटली, तेव्हा बाई गंभीरपणे म्हणाल्या, "मेघालीने अत्यंत शिस्तबद्ध पलायन केलेले आहे."

मैदान खो खो हसले, आणि लगेच गप्प झाले. सगळ्यांच्या नजरा ओट्यावर बसलेल्या आक्कांकडे वळल्या. आक्का उठल्या. बाईंसमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या हातात गेलो.

"थांबलात कशाला?" त्या म्हणाल्या. "अनंता असता तर त्यानं बाईंची नक्कल केली असती. माझं रडनं माझ्यापाशी हाय. तुमी हसा. मना बी हसायचं हाय."

मग त्यांना खरेच हसू आले, आणि डोळेही भरले. रामनाथकाकांनी पहिली टाळी वाजवली.

मित्रांनो, मी साधी वस्तू, मोठे बोलू नये. पण एक सांगतो. दुःखाच्या दिवसांत मैदान बंद करायचे की उघडायचे, हे लांबून ठरवू नका. ज्यांच्या घरचे माणूस गेले, त्यांच्या दारी जा, शेजारी बसा, विचारा. त्यांना रडू द्या, आणि हसावेसे वाटले तर हसूही द्या.

त्या दिवशी सामना संपल्यावर आक्कांनी मला पदराने पुसले आणि विचारले, "फायनल कदी हाय, बाई?"