कॉलरमागचा दोरा

भिंगरीचं नाव यादीत लागलं, तेव्हा तिची आई लॉन्ड्रीत गुडघाभर चादरींत उभी होती.

"लागलं! अगं, लागलं!" भिंगरीचे बाबा मागच्या दाराने धावत आले, चादरींच्या ढिगात पाय अडकला आणि थेट बायकोच्या पुढ्यात बसले. बसल्या बसल्याच त्यांनी फोन वर धरला. "समोरच्या कॉलेजात! तेविसावा नंबर! हजारो पोरं परीक्षेला बसतात, आणि आपली तेविसावी!"

आईने ओले हात एप्रनला पुसले, फोन हातात घेतला आणि लेकीचं नाव तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

"वाफेने होतं असं," ती म्हणाली. बॉयलर अजून पेटवलाच नव्हता.

भिंगरी दारात एका पायावर उभी होती. तिचं हे नाव उगाच पडलं नव्हतं. चालायला लागल्यापासून ही पोरगी एका जागी ठरली असेल तर फक्त पुस्तकापुढे. "बाबा, पूर्ण तर वाचा," ती म्हणाली. "दोन्हीकडे लागलंय. समोरच्या कॉलेजात, आणि बसने दोन तासांवरच्या त्या दुसऱ्यातही. आज चार वाजेपर्यंत एकाला हो म्हणायचंय."

"त्यात म्हणायचं काय? हो! हो! हो!" बाबा उठून उभे राहिले. "तीनदा म्हटलं, चालेल ना?"

आईने वाकून चादर उचलली आणि झटकली. नवराबायकोच्या अठरा वर्षांच्या संसारात चादर अशी झटकली गेली, की पुढे काय येणार हे बाबांना बरोबर कळायचं.

"काय झालं?"

"आधी शर्ट. बाराला त्यांचा फोटो आहे."

खरंच होता. समोरच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचा ग्रुप फोटो. खिशावर कॉलेजचं चिन्ह असलेले सत्तर पांढरे शर्ट रात्रीच धुवून वाळवून ठेवले होते, आता इस्त्री तेवढी राहिली होती. बाबांनी मोठी इस्त्री तापत ठेवली आणि दोघं टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहिली. ती शर्ट पसरून पाणी शिंपडायची, ते इस्त्री फिरवायचे, घडी घालायचे. एकीकडे हात, एकीकडे तोंड.

"बोल आता."

"नाव मोठं, लक्षण खोटं."

"अगं, अठरा वर्षं मी त्या कॉलेजच्या कॉलरी ताठ केल्या. आता कुठे माझी कॉलर ताठ व्हायची वेळ आली, तर तू त्यावर पाणी शिंपडतेस!"

"पाणी शिंपडल्याशिवाय इस्त्री बसत नाही."

बाबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत दाबलं. "हे बघ. नोकरी द्यायला बसलेला माणूस आधी कॉलेजचं नाव वाचतो, मग पोराचं. हे मी नाही, सगळं जग म्हणतंय."

"आणि त्या नावात चार वर्षं राहायचं कोणी? जगाने?"

हा आवाज आईचा नव्हता. शेजारच्या दुकानातली झेरॉक्सवाली वहिनी दोन्ही हात कमरेवर ठेवून दारात उभी होती. भिंगरीचा अर्ज तिच्याच कॉम्प्युटरवरून भरला होता, त्यामुळे निकालावर आपलाही अर्धा हक्क आहे असं तिचं प्रामाणिक मत होतं. शिवाय तिचा मुलगा त्या दुसऱ्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. "माझा पोरगा बघा. तिथे सगळे एका टेबलावर जेवतात. कोण कुणाचा, कोणी विचारत नाही. आला होता सुट्टीत तेव्हा चार किलो वाढून आला."

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट, वहिनी," बाबा म्हणाले. "समोरच्या यादीत त्याचं नाव असतं, तर तुम्हीच गल्लीभर झेरॉक्स वाटल्या असत्या."

"वाटल्या असत्या की! रंगीत वाटल्या असत्या! पण मग तो चार किलो वाढला असता का, हे सांगा."

भिंगरी खळखळून हसली. आईकडे बघताच तिचं हसू थांबलं. ती टेबलाजवळ आली.

"आई, मला समोर जायचंय. त्यांच्या घड्याळाचे ठोके ऐकत मी पाढे पाठ केलेत. पण तू नाही म्हणालीस तर मी बटण दाबणार नाही. दुसरीकडे जाईन, आणि रडणारही नाही."

हे ऐकून बाबांची इस्त्री हवेत थांबली. म्हणजे यादी लागली, सगळं झालं, आणि शेवटी गाडी बायकोच्या स्टेशनावर येऊन थांबली! ते इस्त्री आपटून पुन्हा सुरू झाले आणि दुप्पट जोराने मुद्दे मांडू लागले: ग्रंथालय, प्रयोगशाळा, तिथे शिकून मोठी झालेली माणसं. एकेका मुद्द्याला एकेक शर्ट घडी होऊन ढिगावर पडत होता. आई ऐकत होती. तिच्याजवळ जे होतं तो मुद्दा नव्हता. ते तिला कपड्यांनी सांगितलं होतं.

कॉलेजची वसतिगृहं तीन. जुन्या इमारतीत राहायची ती मुलं, ज्यांचे वडील आणि आजोबाही तिथेच शिकले. नव्या इमारतीत बाकीची पैसेवाली. आणि मागच्या इमारतीत शिष्यवृत्तीवर आलेली. कपडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आईनेच पहिल्या वर्षी युक्ती काढली: कॉलरच्या आत, मागच्या बाजूला, जुन्या इमारतीला लाल दोरा, नवीला निळा, मागचीला पिवळा. खोलीच्या आकड्यासाठी टाके. लांब टाका दहाचा, आखूड एकाचा. ही लिपी जगात तीनच माणसांना वाचता यायची आणि तिन्ही याच टेबलाशी उभी होती.

लाल दोऱ्याची मंडळी हातरुमालसुद्धा धुवायला टाकायची. पिवळ्यांकडून यायची नुसती चादर, आणि मुलाखत नाहीतर कॉलेजचा कार्यक्रम असला की एखादा शर्ट. बाकीचं ती मुलं स्वतः बादलीत धुवायची. एवढंच असतं तरी आईने मनाला लावून घेतलं नसतं. पण दर वर्षी कॉलेजात मोठी पार्टी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी लाल, निळे कपडे चमकीने भरून यायचे. ती मेली चमकी! मशीनमध्ये, नळीत, बाबांच्या मिशीत, आठवडाभर लॉन्ड्री लखलखायची. पिवळ्या दोऱ्यावर मात्र चमकीचा एक कण नसायचा. त्यांच्या बाह्यांवर डाग असायचे रश्श्याचे. अगदी मनगटापाशी, ओळीने, वाढताना पडतात तसे. पार्टीला ती मुलंही असायची. पण वाढायला.

आईने अठरा वर्षं ते डाग घासून काढले होते. भिंगरीही शिष्यवृत्तीवरच जाणार होती. आपल्या लेकीच्या बाहीवरचे तिला घासायचे नव्हते.

हे ती नवऱ्याला सांगणार, तोवर त्यांनी शेवटचा शर्ट घडी केला, पाकिटं भरून ट्रॉलीत टाकली आणि ट्रॉली ढकलत ते रस्ता ओलांडून गेलेसुद्धा. फाटकावरच्या पहारेकऱ्याला बातमी सांगायची त्यांना घाई झाली होती.

साडेअकराला फोन आला. मागच्या इमारतीच्या वॉर्डनबाई होत्या. "काकू, अहो काय केलंत! माझ्या मुलींच्या पाकिटात सहा फुटी माणसाचे शर्ट निघतायत!"

आईने कपाळाला हात लावला. अठरा वर्षांत न झालेली चूक. तिघांच्या बडबडीत दोरे कोणी बघितलेच नव्हते. शर्ट घडी झाले तसे ढिगावर पडले आणि ढीग वरून जसा होता तसा तिन्ही इमारतींच्या पाकिटांत भरला गेला. लाल, निळं, पिवळं, सगळी खिचडी.

"भिंगरे, पळ!"

मायलेकी पळाल्या. इस्त्रीवाले बाबा पहारेकऱ्याला "तेविसावी!" सांगत होते, त्यांना तसंच सोडून दोघी फाटकातून आत गेल्या. अंगणात फोटोची बाकडी मांडून झाली होती. सत्तर मुलंमुली बनियनांवर नाहीतर घरच्या टी-शर्टात, हातात कुणाचा तरी शर्ट घेऊन उभी. फोटोग्राफर घड्याळ बघत होता. आईच्या लक्षात आलं, ही सगळी पोरं आज एका अंगणात उभी होती खरी, पण तीन घोळक्यांत, मध्ये हातभर जागा सोडून. जणू तीन दोऱ्यांनी टाचून ठेवली होती.

"लॉन्ड्रीवाल्यांनी गोंधळ घातला," कोणीतरी मोठ्याने म्हणालं.

आईचा चेहरा उतरला. भिंगरी मात्र तोवर बाकावर चढली होती.

"घातला!" ती ओरडली. "कबूल! आता निस्तरते. कॉलरी उलटा!"

"कॉलरी?"

"आत बघा. मागे. दोरा दिसतोय?"

सत्तर कॉलरी उलटल्या. एकदम गलका उठला. चार वर्षं ते शर्ट अंगावर घालून फिरले होते आणि एकालाही दोऱ्याचा पत्ता नव्हता. "माझा लाल!" "माझ्या हातात पिवळा!" "अरे, हे टाके कसले?" भिंगरी एकेक शर्ट घेऊन वाचत सुटली. "लाल, तीन लांब, दोन आखूड, खोली बत्तीस! कोण बत्तीस? तुम्ही? तुमच्या खिशात नेहमी शेंगदाण्याची टरफलं असतात. निळा, सतरा! तुमचं वरून दुसरं बटण माझ्या आईने चारदा लावलंय, जेवताना जरा श्वास घेत जा!" हशा पिकला. सतरा नंबर पोटावर हात ठेवून लाजला. तिन्ही घोळके शर्ट घ्यायला, द्यायला सरकू लागले.

पण सत्तर म्हणजे सत्तर. वीसेक झाले तेव्हा फोटोग्राफरने हाक मारली: पाचच मिनिटं आहेत, त्याला पुढे लग्नाला जायचंय.

"मग मापाने घाला!" भिंगरी म्हणाली. "जो बसेल तो घाला. सगळे पांढरेच आहेत. धुवायला आले की मी परत लावते."

बहुतेकांनी डोक्यातून घातलेसुद्धा. एक उंच मुलगा, जुन्या इमारतीतला, हातातला शर्ट तसाच धरून उभा राहिला. "हा पिवळा आहे. मागच्यांचा आहे. मी नाही घालणार."

मागच्या इमारतीतल्या एका मुलीने मान खाली घातली. आईला वाटलं, झालं, हेच ते. याच्याचसाठी मी नको म्हणत होते.

"का?" भिंगरीने विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं.

"का म्हणजे? दुसऱ्याचा आहे."

"दादा, चार वर्षं तुमचा नि यांचा शर्ट एकाच मशीनमध्ये, एकाच पाण्यात घुसळून निघतोय. दोरा नंतर बघतात, घडी घालताना. आतापर्यंत काही खाज सुटली का?"

आधी सतरा नंबर हसला. मग जुन्या इमारतीतलीच दोघं-तिघं हसली, आणि मग हसू आवरेना कुणाला. उंच मुलगा लालबुंद झाला. सगळ्यांकडे एकदा बघून त्याने शर्ट डोक्यातून घातला. बाह्या चांगल्या बोटभर आखूड होत्या.

"दुमडा," आई पहिल्यांदाच बोलली. पुढे होऊन तिनेच त्याच्या बाह्या दुमडून दिल्या, नीट, दोन घड्या. "दिसणार नाही कुणाला."

"थँक यू, काकू," तो पुटपुटला.

फोटो निघाला. पांगापांग व्हायला लागली तशी मघाशी मान खाली घातलेली मुलगी भिंगरीजवळ आली. "तू कुठल्या वर्षाला?"

"अजून नाही. चार वाजता ठरणारे."

"ये," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "रोज मजा येते असं नाही. काही दिवस नुसता राग येतो. पण ये. मी आले तेव्हा कॉलरी उलटा म्हणणारं कोणी नव्हतं."

आई दोन पावलांवर गोळा केलेली रिकामी पाकिटं मोजत होती. एकोणीसवर ती थांबली, आणि पुढचा आकडा तिला आठवेना.

पावणेचारला झेरॉक्सवाल्या वहिनीच्या कॉम्प्युटरपुढे भिंगरी बसली होती. खुर्ची एक आणि मागे आई नि वहिनी उभ्या. बाबा लॉन्ड्रीतून हाका मारत होते. त्यांनी स्वतःचा निळा शर्ट, लग्नकार्याचा, इस्त्रीला घेतला होता. जे काही ठरेल ते ठरो, गल्लीत सांगायला जाताना अंगावर चुरगळलेलं नको.

"आई?" भिंगरी वळली. "बोल ना गं. दोन्ही पानं उघडी आहेत. वहिनी म्हणतायत तिकडे चार किलो वाढतं."

"वाढतंच!" वहिनी म्हणाली.

आईने लेकीकडे बघितलं. पोरीच्या बाहीला कुणाच्या तरी शर्टाचं स्टार्च लागलं होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं. तिला सांगायचं होतं त्या डागांचं, ओळीने पडलेल्या. पण मग बाकावर उभी राहिलेली ती डोळ्यांपुढे आली. या पोरीच्या हातात वाढायला पातेलं दिलं, तर ती वाढता वाढता बसलेल्यांनाही वाढायला उठवेल.

"समोर जा," ती म्हणाली. "पण एक अट आहे."

"काय?"

"त्यांची ती पार्टी असते ना, तिथे वाढायला उभी राहिलीस तर राहा, काम आहे ते. पण मग नाचूनही ये. अंगभर चमकी लावून ये. माझी सगळी लॉन्ड्री लखलखली पाहिजे. मी ओरडणार नाही. दोन धुण्यांत निघते ती."

भिंगरीने एका हाताने बटण दाबलं आणि दुसऱ्या हाताने आईच्या गळ्यात मिठी मारली. खुर्ची गरकन फिरली, वहिनीचे कागद उडाले, आणि वहिनीच सगळ्यांत आधी रडायला लागली. "या यादीची झेरॉक्स रंगीतच काढणार मी!"

"झालं का? झालं?" बाबा दारात येऊन ओरडले.

"झालं!"

बाबांनी दोन्ही हात वर केले आणि तिथेच, फुटपाथवर, गोल फिरले. समोरच्या घड्याळात चाराचे ठोके पडायला लागले. तिसऱ्या ठोक्याला आईने नाक वर करून हवा हुंगली.

"अहो," ती म्हणाली, "इस्त्री!"

अठरा वर्षांत त्यांच्या हातून एकही शर्ट जळाला नव्हता. त्या दिवशी जळाला तो त्यांचा स्वतःचा. बरोबर पाठीवर, इस्त्रीच्या आकाराचा, काळाकुट्ट. तोच घालून ते गल्लीभर सांगत फिरले.