कुंकवाखालचा समुद्र

"आबा, हा चौथा कान बहिरा आहे."

इशिता गिटार मांडीवर घेऊन बसली होती. दिल्लीतल्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं फरशीवर हेलकावत होतं. दीनानाथ आरामखुर्चीत पेंगत होते. या वेळेला त्यांना नेहमी वाटे, आपण उथळ, कोमट पाण्याच्या तळाशी बसलो आहोत आणि वरून कुणीतरी आपल्याला हाका मारतंय.

कान हा शब्द त्यांनीच नातीला दिला होता. तारांखाली चार लोहचुंबक असतात, तार हलली की ते ऐकतात आणि स्पीकरला सांगतात. प्रत्येक कानाला एक पांढरं बटण. अकरा वर्षांच्या पोरीला याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

गिटार जपानी होती. साठच्या दशकात, फळीवर उभं राहून लाटांवर स्वार होणाऱ्या अमेरिकन पोरांच्या संगीताचं जपानलाही वेड लागलं, तेव्हाची. अंगावर चकचकीत पत्रा, बटणांची रांग, आणि तारांच्या मुळाशी एक वाकडी दांडी. दांडी दाबली की सूर खाली बुडे, सोडली की पुन्हा वर येई.

दीनानाथांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका जपानी साहेबाकडून घेतली, तेव्हा आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा नवा संसार होता. प्रभा देवगडची, समुद्रकाठची. लग्न होऊन दिल्लीला आली आणि तिची झोपच उडाली. "इथे काहीच वाजत नाही हो," म्हणायची. मग दीनानाथ चौथं बटण लावायचे, जाड तार छेडायचे आणि दांडी हलकेच दाबत, सोडत राहायचे. खर्जातला तो सूर खोलीभर पसरायचा, मागे सरायचा. प्रभा भिंतीला टेकून डोळे मिटायची.

पुढे तो आवाज खरखरायला लागला आणि एक दिवस बंदच पडला. आतली वायर कुठेतरी तुटली असेल म्हणून राहिलं ते राहिलंच. आता प्रभा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"उघडून बघू या ना आबा. प्लीज यार."

"आजोबांना यार म्हणतात?"

"अच्छा, सॉरी. उघडू या ना, अहो आबा."

हसत हसत त्यांनी प्लग काढला, स्क्रू सैल केले आणि पत्रा उचलला.

आत सगळं लालेलाल होतं. बटणांच्या फटींतून झिरपून वाळलेलं, थरावर थर साचलेलं कुंकू. दर दसऱ्याला प्रभा घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करायची. सुरी, शिलाई मशीन, स्कूटर आणि ही गिटार. चारही बटणांवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवायची, आणि चौथ्यावर अंमळ जास्त. ते तिचं लाडकं.

दीनानाथांनी पत्रा पुन्हा जागेवर ठेवला.

"राहू दे. तीन कानांवर वाजव."

"पण समुद्र चौथ्यातच आहे, तुम्हीच म्हणालात!"

"म्हणालो. तरी राहू दे."

 इशितानं आजोबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग ती पत्र्याच्या फटीत डोकावली. तिलाही ते कुंकू ओळखीचं होतं. शाळेत परीक्षेला जाताना तेच बोट तिच्या कपाळावर टेकायचं. दूर पुलावरून मेट्रो गेली आणि खिडकीची काच बारीक थरथरली. दीनानाथांना कळत होतं की हे कुंकू पुसलं तर प्रभाचं बोट या घरात उरणार नाही. न पुसलं, तर तिला आवडायचा तो आवाज पुन्हा कधी निघणार नाही. आणि तो आवाज कसा होता, हे त्यांनाही आता नीटसं आठवत नव्हतं. याचीच त्यांना भीती वाटली.

"आबा," इशिता हळूच म्हणाली, "आजी आत्ता इथे आली आणि हे बघितलं, तर पहिलं काय म्हणेल?"

दीनानाथांनी डोळे मिटले. उत्तर शोधावं लागलंच नाही, ते प्रभाच्याच आवाजात कानाशी आलं.

"म्हणेल, अहो, किती ही घाण! फडकं आणा आधी. आणि पोरीला असं काय कोड्यात घालताय?"

इशिता खुदकन हसली. दीनानाथही हसले, आणि चष्मा काढून त्यांना पुसावा लागला.

मग जुना टूथब्रश आला, स्पिरिट आलं, खाली वर्तमानपत्र अंथरलं गेलं. "घासायचं नाही. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवतो ना, तसं," दीनानाथ सांगत होते आणि इशिता जीभ दातांत धरून ब्रश फिरवत होती. मऊ लाल भुकटी कागदावर गळत राहिली. चौथ्या बटणाला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते दीनानाथांनी स्वतः केलं. कागदावरचं कुंकू त्यांनी बाल्कनीतल्या जास्वंदीच्या कुंडीत रिकामं केलं, हात धुतले, पत्रा बसवून प्लग लावला, आणि गिटार जवळ घेतली.

चौथं बटण लावून जाड तार छेडली.

खोल, ओलसर सूर निघाला आणि फरशीवरच्या उन्हात पसरला. दीनानाथांनी दांडी दाबली. सूर झुकला, मागे मागे सरत गेला. त्यांची बोटं आता पूर्वीसारखी चालत नव्हती, दांडी मध्येच अडखळली. पण आवाज तोच होता. तोच.

इशितानं समुद्र कधी पाहिला नव्हता. ती गिटारच्या लाकडाला कान लावून ऐकत होती.

"आबा, आता पाणी मागे जातंय ना?"

"हो. त्याला ओहोटी म्हणतात."

"आणि परत आलंच नाही तर?"

दीनानाथांनी तिचा हात धरून दांडीवर ठेवला.

"येतं. आता तू आण."