लिंबाखालचा कान

कामरगावच्या बाजारात वहाबच्या गळ्याला तोड नव्हती. खणांचे गठ्ठे मांडून तो बाजेवर उभा राहिला, हात उंचावून एक हाक दिली, की मिरची घ्यायला निघालेली बाई आधी खण घ्यायची. त्याचं गुपित साधं होतं. बायको मेहरबी समोरच्या कडुलिंबाखाली बसायची. आवाज तिथवर पोचला नाही, की ती कानामागे हात धरायची. वहाब बोलायचा तिच्याशी, बाकीचे ऐकायचे.

मेहरबीला जाऊन आठ महिने झाले होते. हाक अजून निघायची, पण बायका मिरचीकडेच जायच्या. घरी तर दिवसच्या दिवस तोंड उघडायचं कारण पडत नव्हतं.

अशात उकंडराव आला. मोठा शेतकरी, लोकल बोर्डाच्या निवडणुकीला उभा राहिलेला. पण समोर चार माणसं दिसली की त्याची दातखीळ बसायची.

"वहाबभाई, मले भाषण शिकवा. पंधरा दिवसानं सभा हाये. इज्जतीचा सवाल हाये."

वहाबने अंगणात पोतं अंथरलं. मग रोज दिवस कलला की उकंडराव यायचा, चहा व्हायचा आणि शिकवणी सुरू. या गड्याने आयुष्यात आवाज चढवला तो फक्त ज्वारीवरच्या पाखरांवर. त्यामुळे "माझ्या बंधूंनो" म्हणताना त्याचा हात गोफण फिरवल्यासारखा डोक्यावरून जायचा.

"अवो, मतं मागून राह्यले का पोपट हाकलून राह्यले?" वहाब पोट धरून हसायचा. कितीतरी दिवसांनी हसायचा. "पाय रोवा. दम पोटातून घ्या. एक गोष्ट सांगून झाली का थांबा, लोकायले गिळू द्या."

सगळं शिकवलं. एक तेवढं राखून ठेवलं, लिंबाखालच्या माणसाचं. "अजून एक बाकी हाये, उद्या सांगतो," असं तो रोज म्हणायचा. सगळं शिकून झालं तर हा आपल्या अंगणात कशाला येईल? लाज वाटायची वहाबला, पण तो उद्याचा चहा त्याला सोडवत नव्हता.

सभेच्या दिवशी उकंडराव बाजारात बैलगाडीवर चढला. वहाब मुद्दाम लांब, मेहरबीच्या जागेवर उभा राहिला. पहिली चार वाक्यं ठीक गेली. मग उकंडरावाची नजर पागोट्यांवरून भिरभिरायला लागली, आवाज बसला, हात गोफणीकडे निघाला. कुणीतरी खिदळलं.

पडू दे, वहाबच्या मनात आलं. पडला तर परत शिकायला येईल.

आणि लगेच स्वतःचीच किळस येऊन त्याने कानामागे हात धरला.

उकंडरावाला तो हात दिसला. त्याने दम घेतला आणि आवाज थेट लिंबापर्यंत आणला. पाणंदीतल्या चिखलाचं, बंद पडलेल्या शाळेचं, सगळं तो वहाबला सांगत राहिला. बाजार चिडीचूप झाला. वहाबचे डोळे भरून आले, ते काही शाळेसाठी नव्हे. आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे बघून, त्याला ऐकू यावं म्हणून बोलत होतं.

सभा संपली, हार पडले, निवडणूकही उकंडरावाने जिंकली. दुसऱ्या दिवशी वहाबने सवयीने पोतं अंथरलं, दोन कप चहा ओतला. दोन्ही त्यानेच प्यायले. महिनाभर तो पोतं अंथरत राहिला. उकंडरावाचा राग त्याला आला नाही. माणसांच्या गराड्यातून मेंबराला सवड कुठून मिळणार?

एका बाजारी उकंडराव तिकडून चालला होता. मागेपुढे वीसेक माणसं. वहाबला बघून त्याने हात उंचावला, काहीतरी म्हणाला. गलक्यात शब्द पोचले नाहीत.

वहाबने बाजेवरूनच कानामागे हात धरला.

तोवर उकंडराव दुसऱ्या कुणाशी बोलायला वळला होता. वहाबचा हात बराच वेळ तिथेच राहिला. मग एका बाईने खणाचा भाव विचारला, तेव्हा त्याने तो खाली घेतला.