सोळा पॉइंट दोन

बत्तीस वर्षं त्यानं लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. जिन्याखाली असो, माळ्यावर असो, नाहीतर भुंकणाऱ्या कुत्र्याच्या पाठीमागे, आकडा म्हणून कधी चुकला नाही, आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. "पुरे तुमचं मीटरपुराण," बायको म्हणायची. पण तिची साखर रोज तोच मोजायचा. कॅलेंडरवर आकडा मांडायचा: एकशे चाळीस, एकशे सत्तर. सत्तरच्या खाली गेली तर धोका, ताबडतोब साखर द्या, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं. ते त्याला झोपेतसुद्धा पाठ होतं.

परवा साखर मोजायचं जुनं यंत्र त्याच्याच हातून बादलीत पडलं. परदेशातल्या लेकीनं मागच्या खेपेला आणलेलं नवं कोरं यंत्र कपाटात होतं, ते त्यानं काढलं. त्यात बायकोला दोन दिवस ताप. साखरेची गोळी घेतलेली, पण पोटात जेमतेम दोन घास. दुपारी ती म्हणाली, डोकं गरगरतंय. यानं लगेच बोट टोचलं.

सोळा पॉइंट दोन.

सोळा! अरे, सोळावर माणूस जगतो तरी का? हाच प्रश्न त्यानं जरा थांबून स्वतःला विचारायला हवा होता, कारण समोरची बाई चांगली "खिडकी लावा, ऊन येतंय" म्हणत होती. पण घाबरलेल्या माणसाला अक्कल कुठून सुचणार? त्यानं धावत जाऊन पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळली.

"अहो, गोड नको हो. घसा नुसता कोरडा पडलाय."

"गप पी. मला शिकवू नकोस."

ती प्यायली. थोड्या वेळानं अठरा. तासाभरानं बावीस. चढतेय म्हणायची, पण ही कसली चाल! अशानं शंभर कधी गाठायचे? त्यानं दुसरा पेला दिला, तिसरा दिला. आकडा एकोणतीसवर गेला. ती सारखी लघवीला उठत होती, मग उठेनाशीच झाली. बोलणं जड झालं. त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चौथा पेला चमच्याचमच्यानं पाजायला लागला. "एवढा घे गं. माझ्यासाठी घे." म्हातारा अक्षरशः रडत होता.

त्यानंतर यंत्रावर आकडाच येईना. दोन इंग्रजी अक्षरं आली: एच, आय. त्यानं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन लावला.

"म्हणजे हाय, काका. यंत्राला मोजता येत नाही इतकी चढलीय."

"चढेल कशी? मघाशी एकोणतीस होती!"

औषधवाल्यानं विचारलं, "आकडा येतो तिथं खाली बारीक अक्षरांत काय आहे, वाचा बघू."

त्यानं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं.

"काका, हे माप वेगळं आहे. त्याला अठरानं गुणायचं, मग तुमचा नेहमीचा आकडा येतो. काकूंना गोड काही दिलं नाहीत ना?"

सोळा गुणिले अठरा, दोनशे अठ्ठ्याऐंशी. वरचे पॉइंट दोन वेगळेच. जन्मभर युनिट मोजून पोट भरलेल्या माणसानं युनिटच बघितलं नव्हतं. "गाडी पाठव," तो फोनमध्ये म्हणाला.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. "एवढी वाढली कशी? काय खाल्लं यांनी?"

तेवढ्यात स्ट्रेचरवरून बायको पुटपुटली, "मीच... चोरून खाल्लं. ह्यांना ठाऊक नाही."

"काय आजी, या वयात चोऱ्या?" डॉक्टर लिहायला लागली. आणि खोटं कशाला सांगा, त्या घटकेला त्याला हायसं वाटलं. मग मात्र स्वतःचीच किळस आली.

"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "मी पाजलं. चार पेले. ती नको म्हणत होती, तरी पाजलं."

डॉक्टरचा पेन थांबला. "कधीपासून?"

"दोन वाजल्यापासून. वाचेल ना?"

"आत्ताच काही सांगता येणार नाही. सांगितलंत ते बरं केलंत." तिनं नर्सला हाक मारली.

स्ट्रेचर हललं. तो बाजूनं चालायला लागला, तर बायकोनं त्याचं मनगट धरलं.

"कशाला सांगितलंत? आता लेक जन्मभर बोलेल तुम्हाला."

"बोलू दे," तो म्हणाला. "तू ऐकायला राहा, म्हणजे झालं."