दुधावरची टाकी

हथखोज औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये शेषरावभाऊ टाकीत जिवाणू वाढवून, ते सुकवून पिकांना घालायची पावडर बनवत. काम असलं की केमिस्ट मीनल त्यांची ‘बेटा’ असायची, नकार दिला की ‘मॅडम’. मालाच्या दाखल्यावर सही मात्र तिची. माल मेलेला निघाला तर नोकरीही तिचीच जाणार.

त्या सकाळी ती मॅडम होती.

“मॅडम, व्यापारी येऊन राहिला. टाकी सुकवाले कावून नाही घेतली?”

“भाऊ, इथं बघा.” तिनं त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. “खाणं संपलं, तशी प्रत्येक जिवाणूनं आत एका टोकाला आडवी भिंत घातली. मोठ्या भागानं लहान्याला पोटात घेतलं. आता त्याच्याभोवती जाड भिंत चढायची आहे, वरून प्रथिनांचं कवच. मग आईची भिंत विरते, बीजाणू मोकळा होतो. तो तापवला, वाळवला तरी मरत नाही. पण त्याआधी भिंत भरायला हवी; ती भरली की आतला ठिपका चमकतो. हा अजून काळाच आहे.”

भाऊंचं बालपण भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतात गेलेलं. “म्हणजे दाणा दुधावर हाय, भरला नाही अजून.”

“बरोब्बर!”

“मंग सुकव. व्यापाऱ्याले थोडंच दूध दिसते?”

समजावून सांगण्यात हा धोका असतोच: समोरच्याला समजतं.

शेवटी दोघांत सौदा झाला. अर्धी टाकी लगेच गरम हवेत सुकवली, अर्धी चमक येईपर्यंत थांबली. व्यापाऱ्याला भाऊंनी सिविक सेंटरच्या बाजारात खाऊपिऊ घालून थोपवलं. मग मीनलनं दोन्ही पावडरी पाण्यात तापवून जिवाणूंचं खाणं घातलेल्या प्लेटांवर लावल्या. दुसऱ्या दिवशी थांबलेल्या मालाची प्लेट जिवाणूंच्या ठिपक्यांनी भरली होती. घाईच्या मालाची प्लेट धुतल्यासारखी कोरी.

तोट्याचं दुःख भाऊंना फार टिकत नसे.

“बेटा, दोन्ही मिसळून टाकू. जिवंत आहेत ते त जिवंतच राहतीन ना?”

“राहतील. पण पाकिटावर छापलंय त्याच्या निम्मेच भरतील.”

“शेतकरी का मोजून राहिला?”

“मिसळा, भाऊ. दाखल्यावर सही तेवढी तुम्ही करा.”

तिनं पेन पुढे केला. भाऊंनी तो कागदावर टेकवला, झटकला, पुन्हा टेकवला.

“शाईच नाही उतरून राहिली,” ते म्हणाले. पेन तिला परत देऊन, घाईच्या मालाची पोती बाहेर काढायला त्यांनी शेडमधल्या हमालाला, बाबुलालला हाक मारली.