काजळी

मेकॅनिकने सायलेन्सरमधली नळी बाहेर ओढली, फडक्याने पुसली आणि पुन्हा आत घातली. मीटरवरचा आकडा मात्र हट्टाला पेटल्यासारखा तिथेच राहिला. गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली होती.

"वर्षभर उभीच आहे," मुलगा म्हणाला. "बाबा गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. आज पास झाली तर उद्या गिऱ्हाईक घेऊन जाईल."

विकायची घाई का, ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून येऊन तो आंघोळीला शिरला, की पाण्याच्या आवाजाआडून बाबांची गाडी ऐकू यायची. अंग पुसून बाहेर यावं तर सगळं चिडीचूप. अंगावर काटा यायचा. चाळिशी उलटलेला माणूस भुताला भितो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

मेकॅनिकने बॉनेट उघडून प्लग काढला आणि त्याच्यापुढे धरला. तव्याच्या बुडासारखा काळा होता.

"हा उभ्या गाडीचा प्लग नाही, साहेब. कोणीतरी ही रोज चालू करतंय आणि इंजिन तापायच्या आत बंद करतंय. त्यानेच काजळी धरते. नाहीतर बॅटरीने केव्हाच मान टाकली असती."

"घरात मी आणि आई, दोघंच. आईला गाडी येत नाही."

"चालवायला येत नसेल. किल्ली फिरवायला काय लागतं?" मेकॅनिकने आवाज उतरवला. "घरचं गॅरेज बंदिस्त असेल तर सांभाळा. आधी नुसतं डोकं दुखतं. मग हा धूर माणसाला झोपवतो, आणि उठवत नाही."

मुलाने बाकाकडे पाहिलं. आई कपाळ चेपत बसली होती. तिच्या डोकेदुखीवर डॉक्टरांनी चष्मा बदलून पाहिला होता, गोळ्या बदलून पाहिल्या होत्या. इतका तर तो भुतालाही भ्यायला नव्हता.

तो तिच्याशेजारी जाऊन बसला.

"आई, गाडी तू चालू करतेस?"

"तू आंघोळीला गेलास की. थोडाच वेळ."

"बाबांच्या सीटवर बसून?"

"छे, माझ्या जागेवरून हात लांबवते. त्यांच्या जागेवर कशी बसेन मी?"

"आणि गॅरेजचं दार?"

"लावून घेते. उघडं राहिलं की त्यांचा वास जातो रे."

मेकॅनिकने नवे प्लग बसवले, गाडी लांबवर पळवून आणली आणि पुन्हा नळी घातली. या खेपेला आकडा मुकाट्याने खाली आला.

घरी पोचल्यावर त्याने किल्ली खुंटीला न लावता खिशात टाकली. गिऱ्हाईक सकाळीच येणार होतं. आईने रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"आंघोळीला जा," ती म्हणाली. "त्यांची यायची वेळ झाली."